अथेन्सचं घुबड आणि माझे 300 युरो

जुन्या नाण्यांची आवड असेल आणि अथेन्सला जाणार असाल, तर हे आधी वाचा. मोनास्तिराकी भागातल्या एका दुकानदाराने मला 300 युरोंना ‘अस्सल’ टेट्राड्रॅक्म, म्हणजे प्राचीन अथेन्सचं चांदीचं नाणं, विकलं. ते बनावट निघालं.

नाण्यावरच्या चिन्हांबद्दल तो जे बोलत होता ते बहुतेक खरंच होतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, शिरस्त्राणावर ऑलिव्हची तीन पानं. दुसऱ्या बाजूला तिचं घुबड, मान वळवून थेट आपल्याकडे बघणारं. त्याच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, समोर अथेन्सच्या नावाची तीन अक्षरं. चंद्रकोर म्हणजे मॅरेथॉनच्या लढाईतल्या विजयाची खूण, असं मात्र त्याने छातीठोकपणे सांगितलं. तो नुसता तर्क आहे. पण ही सगळी चिन्हं साच्यात जशीच्या तशी उतरतात. त्यांच्यावरून खऱ्याखोट्याचा निवाडा होत नाही.

वजन बघा. अस्सल नाणं साधारण 17.2 ग्रॅम भरतं. माझं 15 सुद्धा भरलं नाही. भिंगाखाली कडेला साच्याचा सांधा घासून काढल्यासारख्या कानशीच्या बारीक रेषा दिसल्या, आणि घुबडाच्या पायाशी सुईच्या टोकाएवढे खळगे. अस्सल नाणी ठशांवर ठोकून पाडत. असे खळगे ओतकामात हवा अडकली की पडतात. उरलीसुरली शंका त्याच दुकानाच्या जाहिरातीतल्या फोटोने फिटली. नाणं दुसरं, पण पंखावरचा ओरखडा तोच, त्याच जागी. एका ठशाची दोन नाणी सारखी असतील, हाताळताना पडलेला ओरखडा कसा सारखा असेल?

अथेन्समध्ये हा धंदा जुनाच आहे. इ.स.पू. 375 च्या सुमाराच्या तिथल्या कायद्यानुसार बाजारात सरकारी पारखी बसे. आत तांबं किंवा शिसं निघालं की तो नाणं तिथल्या तिथे कापून टाकी.

आणखी एक. ग्रीसमधून प्राचीन नाणं सरकारी परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. “कागद लागत नाही, खिशात टाका,” असं दुकानदार म्हणाला, की तिथून निघा. नाणं खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर विमानतळावर तुम्ही अडकलात.

पर्यटक पोलिसांकडे मी तक्रार दिली आहे. दुकानदार पावतीकडे बोट दाखवतो: तिच्यावर ग्रीकमध्ये ‘प्रतिकृती’ असं लिहिलंय. पैसे देण्याआधी पावती कुणाकडून तरी वाचून घ्या.