५९९ रुपयांचं तिकीट आणि लेकीचं बदक

मे महिन्याची सुट्टी, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि घरात पाच वर्षांची लेक कंटाळलेली. अशात नवऱ्याने इन्स्टाग्रामवरची एक जाहिरात मला व्हॉट्सॲपवर पाठवली. पुण्यातल्या एका मॉलमध्ये ठोकळ्यांच्या खेळण्यांची दुनिया, '५९९ रुपयांत दिवसभर धमाल, स्वतः बनवा आणि घरी न्या'. ठोकळे म्हणजे आमच्या पोरीचा जीव की प्राण. मी लगेच बुकिंग केलं. जागेचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. पण पैसे कसे काढले जातात ते सांगायलाच हवं.

बँकेचा मेसेज आला तो ८९७ रुपयांचा. ९९ सुविधा शुल्क आणि १९९ फोटो पॅकेज. त्या फोटोच्या चौकटीत आधीच टिक केलेली होती आणि घाईत माझं लक्ष गेलं नाही. आधी कमी किंमत दाखवून पुढे एकेक रक्कम चढवत जाणं म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग', न विचारता टोपलीत काही घालणं म्हणजे 'बास्केट स्नीकिंग'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्हींना मनाई केली आहे. हे मला नंतर कळलं.

तिथे पोचल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, लहान मुलांसोबत मोठं माणूस कंपल्सरी आहे. मोठ्यांचे तीनशे." मी आणि सासूबाई, म्हणजे ६००. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या नुसत्या बसणार होत्या. तरी तिकीट घ्यावंच लागलं, आणि आत बसायला एक खुर्ची नव्हती. मग मोजे. आम्ही घरून रबरी ठिपक्यांचे नेले होते, ते चालले नाहीत. त्यांचेच घ्यायचे, ८० रुपये जोडी, तीन जोड्या. मग कार्ड, कमीत कमी ५०० चा रिचार्ज, कारण आगगाडी आणि कार्यशाळा तिकिटात नाहीत.

हे सगळं होत असताना लेक कुठे होती? काउंटरला लागूनच मोठी काच आहे आणि पलीकडे ठोकळ्यांचा माणसाएवढा जिराफ. ती काचेला नाक लावून उभी होती. त्या क्षणी परत फिरणं कुठल्या आईला जमेल? माझी खात्री आहे की काउंटर मुद्दामच तिथे ठेवलंय. ५९९ ची सहल दारातच २,२३७ वर गेली होती.

आत निम्मा भाग दोरी बांधून बंद. त्याबद्दल मी भांडले नसते. पण कार्यशाळा! ४५ मिनिटं सांगितली होती, झाली जेमतेम १२. लेकीने मन लावून एक पिवळं बदक केलं, चोच दोनदा बदलली, आजीला दाखवलं, आजीने मोबाइलवर फोटो काढला. इतक्यात तिथल्या मुलाने ते तिच्या हातातून घेतलं, मोडलं आणि तुकडे टबात टाकले. "पुढच्या बॅचला लागतात." पोरगी रडली नाही. "आई, माझं चुकलं का?" एवढंच तिने विचारलं. त्याचे मी २५० रुपये मोजले होते.

बाहेर पडायची वाट खेळण्यांच्या दुकानातून. तिची समजूत काढायला मी ६५० चा ठोकळ्यांचा खोका घेतला. घरी उघडला तर आमच्या लेगोच्या ठोकळ्यांना ते घट्ट बसेचनात. आणि १९५८ सालचा लेगो ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो! खोक्यावर आयएसआय खूणही नव्हती. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे, तेव्हा पैसे देण्याआधी खोका उलटून पाहा.

कार्डावर १६० उरले होते. "परत मिळत नाहीत, ३० दिवसांत वापरा," असं उत्तर मिळालं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता आलं, तक्रार क्रमांक मिळाला. नवव्या दिवशी मॉलमधून फोन आला आणि कार्डचे १६० व फोटोचे १९९ परत आले. तोवर जाहिरातीतून 'घरी न्या' हे शब्द गायब झाले होते. नवऱ्याने पाठवलेली जुनी जाहिरात चॅटमध्ये राहिली म्हणून निभावलं. बुकिंगआधी जाहिरातीचा आणि पैसे भरायच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि मोठ्या माणसाचं तिकीट, मोजे, कार्ड यांचं फोनवर विचारून घ्या.

कार्यशाळेचे आणि खोक्याचे पैसे द्यायला ते तयार नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो. फोटो पॅकेजचा एकही फोटो आम्हाला कधी मिळाला नाही. अर्जाला बिलं, जुनी जाहिरात आणि आजीने काढलेला बदकाचा फोटो जोडलाय.