आटे ओळखण्यासाठी कोणते साधन घ्यावे : पिच गेज, थ्रेड चेकर आणि व्हर्निअर

हार्डवेअरच्या दुकानात आजही बोल्ट सुतावर मागितला जातो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यामुळे ‘दोन सुती’ म्हणजे पाव इंच, ‘अडीच सुती’ म्हणजे ५/१६ इंच आणि ‘तीन सुती’ म्हणजे ३/८ इंच. अडचण अशी की ‘अडीच सुती द्या’ म्हटल्यावर काउंटरवरून कधी खरा ५/१६ इंची बोल्ट येतो आणि कधी एम ८, म्हणजे ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट येतो, आणि देणाऱ्यालाही घेणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. दोन्हींच्या नाममात्र जाडीत जेमतेम सहा शतांश मिलिमीटरचा फरक असतो. एम ८ च्या डोक्याला १३ चा पाना लागतो आणि ५/१६ यूएनसी (अमेरिकी जाड आट्यांच्या) बोल्टचे डोके १२.७ मिलिमीटरचे असते, म्हणजे पानाही तोच चालतो. आटे मात्र वेगळे असतात. एम ८ चा नेहमीचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिलिमीटर आहे, तर ५/१६ इंचीला इंचाला १८ आटे, म्हणजे सुमारे १.४१ मिलिमीटर पिच.

काही वर्षांपूर्वी माझ्या लहान दुरुस्ती वर्कशॉपमध्ये पॉवर टिलरच्या गिअरबॉक्सचे अ‍ॅल्युमिनियमचे झाकण आले होते. एक बोल्ट हरवलेला होता, म्हणून डब्यातला एक बोल्ट लावायला हाताखालच्या मुलाला सांगितले. ‘मालक, बसतोय की!’ असे तो म्हणाला, आणि तीन फेरे बोल्ट खरोखरच बोटांनी गेला. पुढे तो जड झाला, तेव्हा त्याने पान्याला पाइप लावला. बोल्ट बाहेर काढला तेव्हा झाकणाचे आटे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेसारखे त्याच्याभोवती गुंडाळून आले. भोक मोठे करून हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवण्याचा खर्च अर्थातच मला सोसावा लागला. त्यानंतर आटे ओळखण्याची साधने मी एकेक करून घेतली. त्यांतली कोणती कामाची ठरली आणि कोणती कपाटात पडून राहिली, ते येथे लिहीत आहे.

पहिले साधन बहुतेकांकडे असतेच, ते म्हणजे १५० मिलिमीटरचा व्हर्निअर, जबड्यांत धरून जाडी मोजण्याचे साधन. डिजिटल असला तर डोळ्यांना सोपे जाते, साधा असला तरी काम अडत नाही. पण व्हर्निअरने केवळ बोल्टची जाडी मोजून निकाल देणे हीच सर्वांत मोठी चूक होय. बोल्टची बाहेरची जाडी नाममात्र मापापेक्षा नेहमी थोडी कमी ठेवलेली असते. सर्वसाधारण दर्जाचा एम ८ बोल्ट ७.७६ ते ७.९७ मिलिमीटरच्या दरम्यान कोठेही भरू शकतो आणि ५/१६ यूएनसी बोल्ट साधारण ७.६९ ते ७.९१ च्या दरम्यान भरतो. म्हणजे व्हर्निअरवर ७.८५ हा आकडा दिसला, तर तो दोहोंपैकी कोणाचाही असू शकतो. व्हर्निअरचा खरा उपयोग दुसऱ्या तऱ्हेने होतो. एका आट्याच्या शेंड्यापासून अकराव्या आट्याच्या शेंड्यापर्यंत अंतर मोजावे आणि दहाने भागावे. १२.५ आले तर एम ८, १४.१ आले तर ५/१६. दुसरे कोणतेही साधन हाताशी नसले, तरी एवढ्यावर बरेचसे निभावते.

दुसरे साधन पिच गेज. करवतीसारखे दाते असलेली पातळ पाती एका मुठीत दुमडून बसवलेली असतात, आणि प्रत्येक पात्यावर पिच कोरलेला असतो. सर्वत्र मिळणारा स्वस्त प्रकार ५२ पात्यांचा आहे. त्यात ०.२५ पासून ६ मिलिमीटरपर्यंतची २४ मेट्रिक पाती आणि इंचाला ४ पासून ६२ आट्यांपर्यंतची २८ इंची पाती असतात. वापर सोपा आहे. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, पाते आट्यांत लांबीच्या दिशेने ठेवावे आणि मागून उजेड धरून पाहावे. पाते पूर्ण लांबीभर बसले आणि फटीतून प्रकाश आला नाही, तर पिच जुळला. मोबाइलची बॅटरी मागे धरली की हे काम फार सोपे होते, आणि दागिने पाहण्याचे भिंग असेल तर ०.७, ०.७५ आणि ०.८ यांतला फरकही कळतो, जो नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगणे कठीण आहे.

या गेजबद्दल विक्रेते सहसा न सांगणारी एक गोष्ट मात्र खरेदीपूर्वी माहीत असावी. ५२ पात्यांच्या संचातली इंची पाती बहुधा ५५ अंशांची, म्हणजे व्हिटवर्थ या ब्रिटिश पद्धतीची असतात. हे अंश म्हणजे दात्याच्या दोन बाजूंमधला कोन. मेट्रिक आणि अमेरिकी यूएनसी व यूएनएफ (बारीक) आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात ५५ अंशांचा आटा सुचवला, १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी अमेरिकेत ६० अंशांचा मांडला, आणि दोन्ही देशांनी कॅनडासह एकत्र येऊन ‘युनिफाइड’ आटा ठरवला तो १९४० च्या दशकाच्या अखेरीस. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा आहे. त्यामुळे जुन्या यंत्रांत ही तिन्ही घराणी एकाच वेळी भेटतात. जुन्या बुलेट मोटारसायकलीत ब्रिटिश आटे असतात, विलीजच्या आराखड्यावर बनलेल्या महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये अमेरिकी, आणि त्याच गाड्यांवर नंतर कोणी लावलेले बोल्ट मेट्रिक असतात.

५५ अंशांचे पाते ६० अंशांच्या आट्यात ठेवले, तरी पिच सारखा असेल तर ते बसल्यासारखे दिसते. फक्त खाचेच्या तोंडाशी उजेडाची बारीक रेघ राहते. उलट ६० अंशांचे पाते ५५ अंशांच्या आट्यात ठेवले की दाता तोंडाशीच टेकतो आणि खाली, मुळाशी उजेड दिसतो. पिच मोजण्यापुरते यामुळे काही बिघडत नाही. पाव, ५/१६ आणि ३/८ इंच या मापांत व्हिटवर्थ आणि यूएनसी या दोन्हींचे आटे इंचाला २०, १८ आणि १६ असे सारखेच आहेत, आणि व्यवहारात ते एकमेकांत जातात. पण अर्धा इंचीला व्हिटवर्थमध्ये १२ आणि यूएनसीमध्ये १३ आटे आहेत, आणि तेथे मात्र फसगत होते. म्हणून जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्याने मेट्रिक, व्हिटवर्थ आणि ६० अंशांची इंची अशी तिन्ही प्रकारची पाती असलेला गेज शोधावा. जो केवळ आजच्या मोटारसायकली आणि घरगुती यंत्रे उघडतो, त्याला निव्वळ मेट्रिक गेज पुरतो.

स्वस्त गेजची तक्रारही सांगितली पाहिजे. मी प्रथम घेतलेल्या गेजमधल्या दोन पात्यांवरचे आकडे वर्षभरात पुसले गेले, पात्यांच्या कडांवर बारीक खरबरीतपणा होता आणि मुठीचा स्क्रू सैल पडून पाती पंख्यासारखी पसरत. तेलकट फडके आणि पॉलिश पेपर यांवर एवढे भागले. पिच मात्र बरोबर निघाला, आणि शेवटी तेच महत्त्वाचे. खरेदी करताना दुकानातच एक चाचणी करता येते. चांगल्या कंपनीचा, डोक्यावर ८.८ (ताकदीचा दर्जा) लिहिलेला नवा एम ८ बोल्ट सोबत न्यावा आणि त्यावर आधी १.२५ चे आणि मग इंचाला २० चे पाते लावून पाहावे. इंचाला २० म्हणजे १.२७ मिलिमीटर. चार-पाच आट्यांत दोन्ही पाती सारखीच बसल्यासारखी दिसतात, पण दहा आट्यांत ०.२ मिलिमीटरचा फरक साचतो आणि टोकाला पाते उचलले जाते. ज्या गेजमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो, त्याच्या पात्यांना पुरेशी लांबी आहे आणि दाते नीट कापलेले आहेत असे समजावे. आखूड पात्यांचे गेज दिसायला सुबक असते, पण नेमके येथेच कमी पडते.

गेजचा एक अनपेक्षित फायदाही नोंदवतो. फार ताणून आवळलेला बोल्ट मध्येच लांबतो आणि त्या जागी पिच वाढतो. योग्य पाते दोन्ही टोकांना बसते आणि मधोमध उजेड दिसतो, तेव्हा तो बोल्ट भंगारात टाकावा.

भोकातले आटे ओळखणे हे पिच गेजचे कमजोर अंग आहे. एम १० पेक्षा लहान भोकात पाते शिरतच नाही किंवा वाकडे शिरते. तेथे मी साबणाची वडी बारीक कापून भोकात दाबतो, किंवा मऊ लाकडाची काडी कडेला घासून आट्यांचा ठसा उमटवतो आणि तो बाहेर काढून पाते लावतो. हा उपाय कोणत्याही कॅटलॉगात नाही, पण चालतो.

यासाठीच तिसरे साधन बाजारात आले आहे, ते म्हणजे थ्रेड चेकर. पोलादी तारेत ओवलेली, जपमाळेसारखी दिसणारी ही माळ असते. प्रत्येक मण्याच्या एका टोकाला बोल्ट आणि दुसऱ्या टोकाला नट. माझ्या माळेत २६ मणी असून त्यांत १४ इंची आणि १२ मेट्रिक आहेत. बोल्ट हातात घेतला, नटात फिरवून पाहिला, बसला की मण्यावरचे माप वाचले. हाताखालच्या मुलाला पिच, अंश, उजेड असे काही समजावून सांगावे लागत नाही आणि भोकातले आटे साबणाशिवाय तपासता येतात. ज्या गॅरेजमध्ये दिवसाला दहा-बारा वेळा हा प्रश्न येतो, तेथे माळ भिंतीवर टांगावी, वेळ खरोखर वाचतो.

तथापि माळेवर आंधळा विश्वास ठेवू नये, कारण ‘बसला’ आणि ‘जुळला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३/८ इंची बोल्ट ९.५ मिलिमीटरचा असतो. तो एम १० च्या नटात ढिला असल्यामुळे काही फेरे सहज जातो आणि भार आला की आटे सोडून देतो. १०-३२ हा अमेरिकी स्क्रू तर आणखी फसवा आहे. त्याची जाडी ४.८३ मिलिमीटर आणि पिच ०.७९, म्हणजे एम ५ च्या ०.८ पिचच्या अगदी शेजारचा. तो एम ५ च्या भोकात शेवटपर्यंत जातो, फक्त हलतो. म्हणून माळेतला मणी पूर्ण लांबीभर, दोन बोटांनी आणि न डगमगता फिरला पाहिजे, असा नियम मी वर्कशॉपमध्ये घालून दिला आहे. दुसरी मर्यादा अशी की माळेत जे माप नाही, ते जगातच नाही असे वाटू लागते. माझ्या माळेत इंची मणी सगळे यूएनसी आणि यूएनएफ आहेत, बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) किंवा सायकलचे इंचाला २६ आट्यांचे माप नाही. जुन्या बुलेटचा बोल्ट घेऊन आलेल्या माणसापुढे माळ निरुपयोगी ठरते आणि पुन्हा पातीच काढावी लागतात. शिलाई मशीनचे स्क्रू तर या तिन्ही साधनांना दाद देत नाहीत, कारण त्यांचे आटे कोणत्याच सर्वसाधारण कोष्टकात बसत नाहीत. मूळ सुटा भाग मागवावा, हेच बरे.

नळाच्या आणि हायड्रॉलिकच्या जोडांसाठी माळ घेऊच नये. अर्धा इंची बीएसपी (नळांचा ब्रिटिश) आटा बाहेरून मोजला तर सुमारे २१ मिलिमीटर भरतो, कारण नाव नळीच्या आतल्या मापावरून पडलेले आहे. तेथे पिच गेज आणि आकारांचे कोष्टक हीच जोडी हवी. अर्धा आणि पाऊण इंचीत बीएसपी आणि अमेरिकी एनपीटी या दोन्हींचे इंचाला १४ आटे आहेत, पण पाव इंचीत १९ आणि १८, तर एक इंचीत ११ आणि साडेअकरा. अर्ध्या-पाऊण इंचीत फरक मुख्यतः कोनाचा उरतो आणि तो ५५ व ६० अंशांच्या पात्यांनीच दिसतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून चुकीचा जोड घट्ट केल्याने पंपाच्या तोंडाला पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत.

प्लग आणि रिंग गेज (आट्यांचे खुंटीसारखे आणि कड्यासारखे नमुने) ही उत्पादकांची साधने आहेत. आटा मापात आहे की नाही हे ती सांगतात, कोणता आटा आहे हे ओळखण्यासाठी ती घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे. भोके पाडलेली प्लास्टिकची मापपट्टी लाकडी स्क्रूंची लांबी-जाडी पाहायला ठीक आहे, पिचबद्दल ती काहीच सांगत नाही. डावे आटे मात्र कोणतेही साधन ओळखून देत नाही. बेंच ग्राइंडरची डाव्या बाजूची नट किंवा सायकलचे डावे पेडल उलट्या दिशेने फिरते, आणि तेथे डोळाच लागतो : बोल्ट उभा धरला असता आटे डावीकडे चढत गेले तर तो डावा.

नवीन घेणाऱ्याने आधी व्हर्निअर घ्यावा, त्यापाठोपाठ लांब पात्यांचे पिच गेज घ्यावे, आणि गॅरेज किंवा हार्डवेअरचा काउंटर चालवायचा असेल तरच माळ. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या हत्यारांच्या दुकानांत पाती हातात घेऊन पाहता येतात. ऑनलाइन मागवायचे असल्यास चित्रातल्या पात्यांवर ५५ की ६० अंश कोरलेले आहेत, ते मोठे करून वाचावे.

माझ्या जुन्या ५२ पात्यांच्या गेजचा स्क्रू मी मागच्या पावसाळ्यात उघडला आणि रोज लागणारी बारा पाती दुसऱ्या एका बोल्टवर वेगळी ओवली : ०.७, ०.८, १, १.२५, १.५, १.७५ आणि २ मिलिमीटर, आणि इंचाला १४, १६, १८, २० व २६. उरलेली चाळीस तेल लावून डब्यात आहेत. त्यानंतर तो डबा दोनदा उघडला, दोन्ही वेळा एका जुन्या लेथसाठी.