इंग्रजी वाक्याचा शेवट तपासणारं एक्स्टेन्शन: दिवाळीपासून वापरतोय

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात आमचं डीटीपीचं दुकान आहे. मराठी कामं असतातच, पण भाडं निघतं ते इंग्रजीवर: एमबीएचे प्रोजेक्ट, पीएचडीचे प्रबंध, नोकरीचे अर्ज. दिवाळीत व्याकरण तपासणारं एक एक्स्टेन्शन वर्डला जोडलं. कुणाची जाहिरात करायची नाही, म्हणून नाव घेत नाही. वाक्य संपतं तिथे ते काय करतं, एवढ्याबद्दलच लिहितो.

बारीकसारीक साफसफाई चोख. प्रश्नचिन्हाच्या आधी जागा सोडायची आपल्याकडे फार सवय, ती लगेच दाखवतं. टाइपरायटरवर शिकलेली मंडळी टिंबानंतर दोनदा स्पेस मारतात, तेही पकडतं. (वर्ड स्वतःही 2020 पासून ही चूक धरतं.) वाक्याच्या शेवटी ‘पी.एम.’ आलं की त्याच्याच टिंबावर वाक्य संपतं, वर दुसरं द्यायचं नसतं. जाडजूड प्रबंधात हे सगळं डोळ्यांनी शोधायचं म्हणजे मान मोडते.

पण खरा उपयोग होतो तो स्वल्पविरामावर. ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री, आय ॲम लुकिंग फॉर अ जॉब’ असलं वाक्य दर दुसऱ्या अर्जात असतं: दोन पूर्ण वाक्यं, आणि मधे टिंबाऐवजी नुसता स्वल्पविराम. ते हे पकडतं. मराठीत क्रियापद बहुतेक शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपल्याचं कानालाच कळतं. इंग्रजीत ते मधेच येऊन जातं, मग पोरं स्वल्पविराम टाकून पुढे पळत सुटतात. तसं बघितलं तर मोडीत वाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्यानेच ओळखायचं असायचं; मराठीत ही चिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना देतात, आणि ते पुण्यातच काम करत होते.

आता रडगाणं. ‘ही आस्क्ड व्हेन द पार्सल वुड अराइव्ह’ याच्या शेवटी टिंबच हवं. ‘व्हेन’ दिसलं की विद्यार्थी प्रश्नचिन्ह ठोकतात. वाक्य आखूड असेल तर एक्स्टेन्शन सांगतं. मधे दोन उपवाक्यं घुसली की गप्प. आमच्याकडे प्रुफं वाचायला एक निवृत्त शिक्षिका येतात. त्या स्क्रीनकडे ढुंकून बघत नाहीत. प्रिंट मागतात, पेन्सिलीने टिंब देतात, त्याभोवती गोल करतात आणि मला ऐकवतात, “अरे, हा विचारतोय, की विचारलं होतं ते सांगतोय? तेवढं बघ की!”

दुसरी कटकट अवतरणचिन्हांची. अमेरिकन पद्धतीत टिंब कायम अवतरणाच्या आत. ब्रिटिश पद्धतीत दोन-चार शब्दच उद्धृत केले असतील तर बाहेर. एक्स्टेन्शन मुळात अमेरिकनवर लावलेलं होतं, आणि आमचे बहुतेक गाइड ब्रिटिश वळणाचे. मिस्टर, डॉक्टर यांच्या संक्षेपात शब्दाचं शेवटचं अक्षर असतं म्हणून ब्रिटिश तिथे टिंब देत नाहीत, प्रोफेसरच्या संक्षेपाला देतात. अमेरिकन सगळीकडे देतात. तेव्हा आधी सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदला, मगच फाइल उघडा. कंसात अख्खं वाक्य असेल तर टिंब आत, तुकडा असेल तर बाहेर. यावर मात्र ते कधी बोललेलं मला आठवत नाही.

फोनवरचं रूप मी काढून टाकलं. व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’लाही ते टिंब सुचवायचं. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात 2015 साली अभ्यास झाला होता: टिंब देऊन संपवलेली एका शब्दाची मेसेजमधली उत्तरं वाचणाऱ्यांना कमी मनापासूनची वाटली. गिऱ्हाईक तोडायची ही बरी सोय!

पैसे भरायचे का? नुसत्या विरामचिन्हांसाठी अजिबात नाही, फुकटातलं पुरतं. आणि ‘सगळं स्वीकारा’ हे बटण संदर्भसूचीवर तरी दाबू नका. ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) यातलं टिंब त्याला वाक्याचा शेवट वाटतं आणि पुढचा शब्द ते कॅपिटल करून टाकतं. मी सूची वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि ती बाईंकडेच देतो.