प्रादेशिक सेनेच्या परीक्षेसाठी कॉलेज रोडवरील शनिवार-रविवारचा क्लास

नोकरी सांभाळून प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे नोकरी-व्यवसाय करणाऱ्या नागरिकांची लष्कराच्या मदतीची राखीव सेना) अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांसाठीच्या या क्लासमध्ये मी नुकतेच एक सत्र पूर्ण केले. देवळालीत ११६ वी पॅरा बटालियन असल्यामुळे ही सेना नाशिककरांना नावाने ठाऊक आहे. तिचे काम मात्र मला इथेच नीट उमगले.

शिकवणारे निवृत्त सुभेदार साहेब फळ्यावर दोन रकाने आखतात. एकात पायदळाच्या बटालियन येतात आणि दुसऱ्यात रेल्वे, तेलक्षेत्र अशा खात्यांतील कर्मचाऱ्यांतून उभारलेल्या तुकड्या. १९४८ च्या नियमावलीतील नियम ३३ त्यांनी ज्या बारकाईने समजावला, तो तास मला सर्वांत मोलाचा वाटला; कारण मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने याच नियमाखाली लष्करप्रमुखांना ही सेना पाचारण करण्याचे अधिकार दिले आणि ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करण्यास मंजुरी दिली. अर्ज भरणाऱ्याने हे आधीच समजून घ्यायला हवे, कारण बोलावणे आले की कामधंदा बाजूला ठेवून जावे लागते. मराठवाड्यात झाडे लावणाऱ्या पर्यावरण बटालियनची माहितीही त्यांनी आत्मीयतेने दिली.

गणिताचा भाग मात्र घाईत उरकला जातो आणि सराव प्रश्नपत्रिका जुन्या आहेत. फी वाजवी आहे. रविवारी पहाटे गोल्फ क्लब मैदानावर धावण्याचा सराव होतो, तो चुकवू नये. बेचाळिशीच्या आतील नोकरदार पदवीधरांना मी हा क्लास निःसंकोच सुचवेन. गणिताची तयारी तेवढी स्वतंत्रपणे करावी.