विधी सेवा समितीचा मोफत वकील: सेवा कशी आहे, जागं कुठे राहायचं

बांध, वाटणी, वारसाचं नाव, पोटगी यांपायी कोर्टाची पायरी चढावी लागली आणि वकिलाची फी झेपत नसेल, तर आधी तालुका विधी सेवा समितीत जावं. मराठवाड्याच्या जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, खंडपीठातल्या कामासाठी उच्च न्यायालयाची वेगळी उपसमिती आहे. हेल्पलाइन 15100. 1987 च्या कायद्याने दिलेला हा हक्क आहे, त्यामुळे संकोच नको.

सगळ्यात मोठा गैरसमज उत्पन्नाच्या दाखल्याचा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतला माणूस अशा काही गटांना उत्पन्नाची अटच नाही. इतरांना वर्षाला 3 लाखांची मर्यादा, आणि शंका घ्यायला कारण नसेल तर त्यासाठी शपथपत्र पुरतं. तहसीलचे हेलपाटे घालत मुदत घालवू नका.

अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते लिहून घेतात. पोच मात्र घ्याच. निर्णय 7 दिवसांत व्हायला हवा. नाकारला तर अध्यक्षांकडे अपील करता येतं. वकिलाच्या फीसोबत कोर्ट फी, नकला, टंकलेखन, साक्षीदाराचा खर्चही यात येतो. पॅनलवरच्या (समितीने नेमलेल्या) वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. कुणी झेरॉक्सच्या नावाने मागितला तरी सचिवांना लेखी कळवा. वकील बदलूनही मिळतो.

इथवर सेवा चांगली. कच्चा दुवा आहे तो तारखांचा. पुकारा झाला तेव्हा वादीही (दावा लावणाराही) नाही आणि वकीलही नाही, तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. तो पुन्हा चालू करायला 30 दिवसांत अर्ज लागतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं इथेच मार खातात. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर गेली की चार-पाच महिने घराला कुलूप, नोटीस दारावरच. म्हणून गाव सोडण्याआधी वकीलपत्रावर सही करा, सातबारा-फेरफाराच्या नकला वकिलाकडे द्या (मूळ कागद घरीच ठेवा), फडावर लागणारा फोन नंबर लिहून द्या, आणि 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (दाव्याचा ओळख क्रमांक) मागून घ्या. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर त्यावरून पुढची तारीख दिसते. शिकणाऱ्या लेकराला दर आठवड्याला पाहायला सांगा.

दावा तुमच्यावर झाला असेल तर घाई आणखी. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला तुमचं उत्तर) द्यायची असते, कोर्ट फार तर 90 पर्यंत वाढवून देतं. अर्जात समन्स मिळाल्याची तारीख सगळ्यात वर लिहा, म्हणजे वकील लवकर नेमून मिळेल.

लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी मजकूर मोठ्याने वाचून घ्या. वाटणी असेल तर प्रत्येकाचा गट नंबर, एकर-गुंठे, चतुःसीमा, शेतात जायची वाट आणि विहिरीच्या पाण्याची पाळी, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. क्षेत्र मोघम राहिलं तर फेरफार अडतो, आणि पाळी लिहायची राहिली तर उन्हाळ्यात मोटारीवरून पुन्हा भांडण उभं राहतं.