एनपीटेलचा पायथन कोर्स: नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी माझा रिव्ह्यू

स्वतःच्या मनानं काहीतरी शिकायला घेता आणि थोड्या दिवसात ते सुटून जाते, असं ज्यांचं होऊन राहिलं त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. कोर्सचं नाव द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन, पायथन म्हणजे कम्प्युटरला काम सांगायची एक प्रोग्रामिंग भाषा. कोर्स एनपीटेलचा आहे, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीचा, आणि स्वयं या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर भेटते. शिकवणारे आयआयटी रोपडचे सुदर्शन अय्यंगार सर आणि त्यांची टीम. १२ आठवडे. शिकायचे पैसे शून्य.

मी नागपूरजवळ वाडीला एका गोडाऊनच्या ऑफिसात हिशेब पाहतो. प्रत्येक पार्टीची एक्सेल फाइल वेगळी, कॉलम वेगळे, महिनाअखेर आली की सगळं एका शीटमध्ये आणता आणता रात्र होते. हे काम कम्प्युटरकडून करून घेता येते असं ऐकलं होतं म्हणून शिकायचं ठरवलं. सीताबर्डी, धरमपेठेत क्लास पाहिले, शिकवणारे चांगलेच असतील, पण ड्युटी सुटल्यावर अमरावती रोडच्या ट्रॅफिकमधून बॅचच्या टायमाला पोचायचं म्हणजे अवघड आहे आणि एक दिवस चुकला की ते लेक्चर गेलंच, वरून फी हजारोंमध्ये.

आता मुद्द्याचं बोलतो. लेक्चर तर यूट्यूबवर ढिगानं पडून आहेत, एनपीटेलचे पण आहेत, कधीही पाहा. २००३ पासून सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून एनपीटेल चालवून राहिले. पण नुसते व्हिडिओ पाहून माझ्यासारखा माणूस टिकत नाही. टिकवून ठेवते ती तारीख. इथे दर आठवड्याला नवीन धडे उघडतात, सोबत असाइनमेंट येते, तिची शेवटची तारीख असते आणि तारीख गेली की गेली. १२ मधल्या सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंटचे मार्क धरतात म्हणून घरी लग्नकार्य निघालं, कोणी आजारी पडलं तरी कोर्स हातचा जात नाही, हे मला फार माणुसकीचं वाटलं. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ मार्क असा हिशेब आहे. परीक्षा ऐच्छिक आहे, मी १००० रुपये भरले होते, सेंटरवर जाऊन कम्प्युटरवर द्यावी लागते, नागपूरला सेंटर भेटते. माझं म्हणणं, परीक्षेचा फॉर्म भराच. पैसे भरले आणि तारीख पडली की रात्री जेवण झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवून लॅपटॉप उघडल्या जाते. लोक म्हणतात आवड असली की माणूस आपोआप शिकतो, मला ते पटत नाही, आवड तर मला होतीच की, पण आवडीला वेळापत्रक लागते.

शिकवायची पद्धत मला खूप आवडली. सुरुवात स्क्रॅचपासून, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम, त्यामुळे भीती जाते. मग पायथन, आणि ते पण सापशिडी, दगड-कागद-कात्री असल्या खेळांमधून. वाढदिवसाचा एक धडा आहे तो तर डोक्यातून जात नाही. खोलीत २३ लोक असले की त्यातल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता अर्ध्याहून जास्त असते. वर्षाचे ३६५ दिवस आणि लोक फक्त २३, ऐकून खरं वाटत नाही ना. कारण असं की माणसं २३ असली तरी जोड्या २५३ होतात. सर ते फळ्यावर सूत्र मांडून पटवत नाहीत, कम्प्युटरला तारखा उचलायला लावतात आणि तुम्ही पुन्हा पुन्हा चालवून पाहता. मी तो प्रोग्राम ऑफिसातल्या पोरांना दाखवला तर जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या तारखा सांगून राहिले होते.

कमी काय आहे तेही सांगतो. लेक्चर इंग्रजीत आहेत, भाषा सोपी आहे पण मराठी मीडियमवाल्याला पहिले काही दिवस सबटायटल लावून, स्पीड कमी करून पाहावं लागते. एनपीटेलनं बऱ्याच कोर्सचा मजकूर मराठीत पण काढला आहे, तुमच्या कोर्सचा आहे का ते आधी पाहून घ्या. मोबाइलवर लेक्चर होते, पण कोड लिहायला लॅपटॉपच पाहिजे. आणि एक्सेल फाइली जोडायचं काम थेट इथून येत नाही, पाया इथे पक्का होते, पुढचं पांडास (पायथनमध्ये टेबलांचं काम करायचं तयार साधन) वगैरे मी वेगळं शिकलो. आता महिनाअखेरचं ते काम चहा येईपर्यंत होऊन जाते.

घरी गडबड असेल तर नंदनवन, महाल भागात अभ्यासिका भरपूर आहेत, मी परीक्षेच्या आधी तिथेच बसलो. आजूबाजूला एमपीएससीची पोरं खाली मान घालून वाचत असतात, आपलं पण मन लागते.

६० च्या वर मार्क आले तर सर्टिफिकेटवर एलिट लिहून येते, ७५ पासून सिल्व्हर, ९० पासून गोल्ड. मला एलिट भेटलं, मी खूश आहे.

जानेवारी आणि जुलै अशा दोन टायमाला कोर्स सुरू होतात. पुढच्या वेळी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा डेटा स्ट्रक्चरवाला (म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती कशी मांडून ठेवायची ते शिकवणारा) ८ आठवड्यांचा कोर्स घ्यायचा विचार आहे, नागपुरातून कोणी सोबत करणार असेल तर सांगा, रविवारी अभ्यासिकेत बसू.