तुतीच्या पानांवर ठिपके आले आणि मी २,४०० रुपयांना फसले

साताऱ्याला आमच्या परसात तुतीची तीन झाडं आहेत. दोन आडाजवळ, एक न्हाणीघरामागे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आळीतली पोरं जांभळी बोटं घेऊन तिथेच असतात. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये पानांवर ठिपके दिसले तेव्हा माझा जीव खालीवर झाला. आधी टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी. मग ते वाढून एकमेकांत मिसळले, मधला भाग वाळून गळाला आणि पानांची चाळण झाली. खालची जुनी पानं पिवळी पडून रोज टोपलीभर झडायला लागली.

ओळखीतून एका 'झाडांच्या डॉक्टर'चा नंबर मिळाला. फोटो पाठवले आणि संध्याकाळी माणूस दारात हजर. पानाला हातही न लावता म्हणाला, "ताई, व्हायरस आहे. पंधरा दिवसांत तिन्ही झाडं जातील, शेजारच्या लिंबालाही लागेल." मी घाबरले. त्याने जैविक औषध म्हणून ८०० रुपयांची एक अशा तीन बाटल्या दिल्या, महिन्याला एक. "नोव्हेंबरपर्यंत झाड स्वच्छ झालं नाही तर पैसे परत." या हमीलाच मी भुलले. बिल मागितलं, तर म्हणाला, "घरगुती औषधाला कसलं बिल?"

बाटलीवर हिरव्या पानाचं चित्र, बाकी काही नाही. झाकण उघडलं की उग्र वास घशात जायचा. दोन बाटल्या मी आडाजवळच्या झाडांवर फवारल्या. न्हाणीघरामागे पंप नेता येत नव्हता, ते झाड तसंच राहिलं.

नोव्हेंबरात तिन्ही झाडांना नवी, स्वच्छ पालवी आली. न फवारलेल्या झाडालाही! उलट फवारलेल्या दोघांचे कोवळे शेंडे करपले होते. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. उरलेली डागाळलेली पानं घेऊन मी कृषी विज्ञान केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी पान उजेडात धरलं आणि सांगितलं, सर्कोस्पोरा नावाच्या बुरशीचा पानांवरचा ठिपका. दमट हवेत वाढतो, पावसाच्या थेंबांबरोबर पानापानांवर उडतो, हवा कोरडी झाली की ओसरतो. त्या 'डॉक्टर'ची हमी नोव्हेंबरचीच का होती, ते मला तिथे कळलं.

विषाणू असता तर कोवळी पानं मुरडली असती, त्यांवर हिरवे-पिवळे चट्टे आले असते. तांबेरा आणि भुरी हे बुरशीचेच दुसरे रोग; तांबेरा असता तर बोटाला तपकिरी पूड लागली असती, भुरी असती तर पानाखाली पांढरी पूड दिसली असती. हे मी घरीच बघू शकले असते. उपायही घरचेच: झडलेली पानं रोज गोळा करून जाळायची, दाट फांद्या विरळ करून वारा खेळू द्यायचा, पाणी पानांवर न मारता बुडाशी द्यायचं.

तालुका कृषी कार्यालयात कळलं की १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे जैविक औषधालाही नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, विषारीपणा दाखवणारी रंगीत खूण हवी. यातलं काही नसेल तर बाटली घरात घेऊच नका, आणि बिल सोडू नका. माझ्याकडे बिल नव्हतं. तिसरी, न उघडलेली बाटली लेखी तक्रारीसोबत जमा करून आले आहे. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "औषधानेच झाड वाचलं."

त्या बाटल्यांत काय होतं, हे मला आजही ठाऊक नाही. म्हणून यंदा आडाजवळच्या दोन झाडांची तुती मी पोरांना खाऊ दिली नाही. सगळी झाडाखाली पडून सडली.